भिजत घातलेली सफरचंदं

लेकीनं सफरचंदांची पिशवी कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली, तेव्हाच टेलर मास्तरांनी ओळखायला हवं होतं की ही भेट नाही, परीक्षा आहे. उगाच कुणाला काही आणून देणाऱ्यांतली ती नव्हतीच. त्या बाबतीत ती थेट बापावर गेली होती.

“बाबा, उद्या रविवार. चारला आम्ही येतोय,” ती म्हणाली. कडेवरचं तिचं सात महिन्यांचं पिल्लू मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून तोंडात घालायच्या खटपटीत होतं. “तोवर याच्यासाठी सफरचंदाचा गर करून ठेवायचा. हल्ली दुसरं काही खातच नाही. सोलायची, फोडी करायच्या, थोडं पाणी घालून झाकण ठेवून मंद शिजवायची आणि घोटायची. झालं. पण तुम्ही एकट्यानं करायचा. शेजारच्या काकूंच्या जिवावर नाही.”

“आणि नाही जमला तर?”

“तर परवापासून पिल्लू पाळणाघरात. माझी रजा संपली. यांनी जागा धरून ठेवलीय तिथं. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

‘हे’ म्हणजे मास्तरांचे जावई. ते दारातच उभे होते. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हे त्यांचं काम, त्यामुळे कुठंही पाऊल टाकलं की तिथं काय जळेल, काय कोसळेल आणि काय टोचेल याचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांना बसवत नसे. सासऱ्यांच्या दुकानात ते अजून नीट बसले नव्हते. टाचण्या, सुया, कात्र्या, तापलेली इस्त्री, तिची लोंबणारी वायर. सासऱ्यांबद्दल एक वाकडा शब्द त्यांनी कधी काढला नाही. फक्त त्या वायरकडे टक लावून बघायचे आणि मग तितकाच वेळ मास्तरांकडे.

मास्तरांना पिल्लू हवं होतं. किती हवं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दुकानानं चुगली केली होती. कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड घेऊन त्यांनी टेबलाचे चारही कोपरे मऊ करून टाकले होते. टाचण्यांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला होता, इतका वर, की आता टाचणी हवी असली की मास्तरांना स्टूल लागे. बायको गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत आवाज होता तो फक्त शिलाई मशीनचा, आणि तेही रविवारी बंद असे.

“एवढंच ना?” मास्तर म्हणाले. “कळलं.”

“काय कळलं? सांगा बघू.”

“चिमणे, माणसाचं माप मी नजरेनं घेतो. गर काय चीज आहे!”

चिमणीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं वायरकडे बघितलं.

आता मास्तरांच्या स्वभावाची दोन्ही पानं उघडून दाखवली पाहिजेत, नाहीतर पुढचं पटायचं नाही. जमेच्या बाजूला पुष्कळ होतं. त्यांनी केलेलं काज गिऱ्हाइकापेक्षा जास्त टिकायचं. उधार-उसनवार नाही, तंबाखू नाही, कुणाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसणं नाही. नावे टाकायला एकच गोष्ट होती, पण ती भारी होती. माझं चुकलं, हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचे हात लांब. पोटावर बटण लागेना तर गेल्या महिनाभरात तुम्ही खाल्लं काय, याची चौकशी. एका प्राध्यापकाला त्यांनी पटवून दिलं होतं की तुमचा उजवा पाय मुळात उतावळा आहे, म्हणून पँटची ती बाजू वर चढते. तो भला माणूस अजून उजवा पाय जपून टाकतो.

अशा माणसाला कृती सांगितली की तो ऐकत नाही. तो मान हलवतो.

संध्याकाळी शेजारच्या बेकरीवाल्या बाई रोजच्यासारखा पाव घेऊन आल्या. बेकरी त्यांची, हात त्यांचे आणि जीभही त्यांचीच. तिन्हींना विश्रांती नसे.

“काय मास्तर, फळांचं दुकान टाकताय की काय?”

“नातवासाठी गर करायचाय.”

“तुम्ही?” बाई पाव हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. “अंडं उकडताना पातेलं जाळलं होतं, ते तुम्हीच ना?”

“ते पातेलं पातळ होतं.”

“असेल बाई. पण एवढ्या सफरचंदांनी काय होणार? आटतात हो ती. पातेलं काठोकाठ भरा, हातात वाटीभर येतं.”

मास्तरांचे डोळे बारीक झाले. धंद्यातली मेख सापडली की ते असेच होत.

“आटतात होय?”

“मग? आटणारच.”

“त्यावर इलाज आहे आपल्याकडे.”

“कसला इलाज?”

“तो आमच्या धंद्यातला आहे बाई. तुम्ही पाव भाजा.”

इलाज साधा होता. नवं सुती कापड तसंच शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि सदऱ्याचं झबलं होतं. म्हणून शहाणा शिंपी ते आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवतो. जे काय आटायचं ते आधीच आटून घेऊ दे; मग शिवलेलं जन्मभर जागचं हलत नाही. हे मास्तर गेली कित्येक वर्षं करत आले होते, आणि एकदाही कापडानं त्यांना दगा दिला नव्हता. सफरचंदानं का द्यावा?

त्यांनी मन लावून काम केलं, हे मान्य करायला पाहिजे. प्रत्येक सफरचंदाची साल एका लांब पट्टीत निघाली. पहिली फोड बेतून झाल्यावर तीच नमुन्याला ठेवून बाकीच्या कापल्या. एकही तसूभर मोठी नाही की लहान नाही. काही सफरचंदं त्यांनी अख्खीच बाजूला ठेवली, कारण सगळं कापड एका दमात कापायचं नाही, ठिगळापुरतं मागं ठेवायचं, ही हाताची सवय होती. मग बादली घासून-पुसून लखलखीत केली, फोडी तिच्यात बुडवल्या, वर ताटली दाबून ठेवली आणि समाधानानं झोपायला गेले.

सकाळी त्यांनी पाणी मोरीत ओतलं. सफरचंदाची गोडी, आंबटपणा आणि वास, तिघंही हात धरून त्या पाण्याबरोबर गेले, पण मास्तरांचं लक्ष फोडींकडे होतं. फोडी फुगल्या होत्या. त्यांनी त्या टॉवेलवर पसरल्या, दुसऱ्या टॉवेलनं हलक्या हातानं टिपल्या. इस्त्रीकडे एकदा नजर गेली, पण तेवढी अक्कल त्यांना होती.

मग पातेलं. थोडं पाणी, असं चिमणी म्हणाली होती. थोडं म्हणजे भिजेल एवढं, असं मास्तरांनी धरलं. कापड अर्धवट भिजवलं तर डाग पडतात. फोडी पूर्ण बुडाल्यावर त्यांनी गॅस पेटवला आणि दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघत राहिले. पातळी तसूभर खाली जात नव्हती.

“बघितलंस?” ते कोपऱ्यातल्या पुतळ्याला म्हणाले. कोट चढवून बघायचा तो पुतळा. त्याला डोकं नव्हतं, त्यामुळे मास्तरांचं आणि त्याचं चांगलं जमायचं. “आटतात म्हणे!”

जेवणवेळ उलटून गेल्यावर त्यांनी ते वाटीच्या बुडानं घोटलं. पातेल्यात जे तयार झालं त्याला गर म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. रंग धुतलेल्या अस्तराचा. पाणी एकीकडे, चोथा दुसरीकडे, दोघांची ओळखदेख नसल्यासारखी. मास्तरांनी चमचाभर चाखलं. जिभेची चूक असेल म्हणून पुन्हा चाखलं. चव म्हणाल तर उकळलेल्या टॉवेलची.

“मालच हलका दिला चिमणीनं,” त्यांनी पुतळ्याला सांगितलं.

पुतळ्यानं विरोध केला नाही, पण या वेळी त्याचा आधारही वाटेना. भिंतीवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं. एवढ्यात बेकरीवाल्या बाई डोकावल्या.

“झाला का गर?” म्हणत त्या थेट पातेल्यापाशी गेल्या आणि तिथंच थबकल्या. “हे काय आहे?”

“फळं बरोबर नव्हती.”

“फळं? काल माझ्या डोळ्यांदेखत होती की इथं. चांगली रसरशीत. केलंत काय तुम्ही त्यांचं?”

“रीतसर केलं. रात्री भिजत घातली, सकाळी—”

“भिजत घातली?”

“आटू नयेत म्हणून.”

बाईंना आधी ते नीट कळलं नाही. मग कळलं. त्या ट्रायलच्या स्टुलावर बसल्या आणि पदराशिवाय काही हाताशी नसल्यानं तोच तोंडावर धरून हसल्या. डोळे पुसले, पातेल्यात पुन्हा बघितलं, पुन्हा हसल्या.

“अहो मास्तर, ती सफरचंदं आहेत की मांजरपाट?”

“हसून झालं असेल तर निघा. पोरगी येईल आता.”

पण त्यांचा पडलेला आवाज ऐकून बाईंचं हसू थांबलं. मास्तर वरच्या फळीवरच्या टाचण्यांच्या डब्याकडे बघत होते. आता त्याला खाली आणायला हरकत नव्हती.

“असं करा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्याकडे तयार आहे. पेस्ट्रीत भरायला कालच केलाय. डबाभर आणते. दुसऱ्या पातेल्यात ओता, जरा गरम करा आणि गप्प बसा.”

“चिमणीनं सांगितलंय, एकट्यानं.”

“मग मी काय तुमच्या पातेल्यात ढवळायला येतेय? मी फक्त डबा इथं विसरून जाणार आहे.”

एवढ्या सुबक शिलाईवर मास्तरांना बोट ठेवता येईना. डबा विसरला गेला. टॉवेलच्या चवीचं पातेलं कापडाच्या तागांमागे गेलं.

बरोबर चारला मंडळी आली. दुकानभर सफरचंदाचा गोड वास दरवळत होता. चिमणीनं पातेल्याचं झाकण उचललं आणि तिचा चेहरा फुलला. आत सोनेरी, मऊ, चकाकता गर होता.

“बाबा! अहो, हा तर माझ्यापेक्षा छान झालाय.”

“त्यात काय एवढं,” मास्तर म्हणाले. हे वाक्य ते कोट घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, तेव्हा त्यांना फार बरं वाटे. आज तसं वाटलं नाही.

जावयांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. “उत्तम. अगदी विकतच्यासारखा लागतोय.”

मास्तरांना ठसका लागला.

चिमणीनं पिल्लाच्या गळ्यात लाळेरं बांधलं, त्याला मांडीवर घेतलं आणि चमचा भरून फुंकर घातली. पिल्लानं आधीच तोंड उघडून ठेवलं होतं. त्याचे पाय आनंदानं हवेत मशीन चालवत होते.

“काय काय घातलंत यात?” चिमणीनं सहज विचारलं.

“सफरचंदं.”

“ते दिसतंय हो. अजून? साखर-बिखर? आणि मध नाही ना घातलात? वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलंय.”

“छे, छे” हे शब्द मास्तरांच्या ओठांवर तयार होते. असे शब्द त्यांच्याकडे नेहमीच तयार मालासारखे असत; गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत काढून द्यायचे. पण आपण शिवलेल्या कोटात कुठलं अस्तर आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. या पातेल्यात काय होतं, त्यांना माहीत नव्हतं. चमचा पिल्लाच्या तोंडाशी पोचत होता.

“थांब चिमणे!”

त्यांनी तिचा हात धरला. थोडा गर लाळेऱ्यावर सांडला. पिल्लानं आजोबांकडे असं बघितलं की ज्याचं नाव ते.

“हा माझा नाही,” मास्तर म्हणाले. “शेजारच्या बाईंचा आहे. यात काय आहे, मला ठाऊक नाही.”

चिमणीनं चमचा खाली ठेवला.

“मग तुमचा कुठंय?” जावयांनी विचारलं.

मास्तरांनी तागांमागून पातेलं काढून टेबलावर ठेवलं. चिमणीनं आत बघितलं. बापाला ती लहानपणापासून ओळखत होती, म्हणून सवयीनं तिनंच त्यांना वाट करून दिली. “सफरचंदं चांगली नव्हती का हो बाबा?”

“चांगली होती.” मास्तरांना पुढचे शब्द उसवून काढावे लागले; फार जुनी शिलाई होती ती. “माझं चुकलं. मी ती रात्रभर भिजत घातली.”

“भिजत? का?”

“आटू नयेत म्हणून.”

चिमणीनं ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून बाहेर पडलंच. जावई मात्र हसले नाहीत. ते वाकले, पातेलं उजेडाकडे फिरवलं, चमच्यानं चोथा एका बाजूला सारला, आणि जळालेल्या गोदामात विचारावं तशा आवाजात विचारलं, “पूर्ण रात्र?”

“कापड पूर्ण रात्रच ठेवतात.”

“आणि नंतर?”

“टॉवेलनं टिपली.”

“टिपली,” जावई पुटपुटले.

तेवढ्यात बेकरीवाल्या बाई हसतमुखानं दारात आल्या. “काय, खाल्ला का आमच्या पिल्लानं आजोबांच्या हातचा गर?”

“काकू,” चिमणी वळली, “यात काय काय आहे?”

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. बिंग फुटलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला बाईंना दुसरं काही लागलं नाही. “अगं, लोणी, साखर, लिंबू, आणि शेवटी मध. त्यानंच तर चकाकी येते.” मग सगळ्यांचे चेहरे बघून त्या गडबडल्या. “का गं? काय झालं?”

चिमणीनं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “पेस्ट्रीच डोक्यात होती गं माझ्या. पिल्लू किती लहान आहे हे ध्यानातच आलं नाही.”

जावई जाऊन ट्रायलच्या स्टुलावर बसले. दुकानात ते पहिल्यांदाच बसले होते, आणि इस्त्रीची वायर त्यांच्या पायाशी असून त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली. “पाळणाघराला कळवून टाका जावईबापू,” ते म्हणाले. “उगीच जागा जायची.”

जावयांनी मोबाइल काढला आणि दाराशी गेले. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं. “नमस्कार. हो, त्या जागेबद्दलच… नाही, जागा नकोय आम्हाला. दुसऱ्या कुणाला द्या… हो, घरचीच सोय झाली.”

चिमणीनं भुवया उंचावल्या. “अहो! परीक्षा मी घेतली आणि निकाल तुम्ही परस्पर लावता?”

“माझ्या कामात माणसं कशी भेटतात, तुला माहितीय,” जावई मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. “दुकान जळून कोळसा, आणि मालक सांगतो, मी तेव्हा इथं नव्हतोच. वायर आपोआप सुटली, नळ आपोआप उघडला. मी पुरावा समोर ठेवेपर्यंत कुणी कबूल करत नाही. यांच्याकडे तर कुणी पुरावाही मागितला नव्हता. गर उत्तम आहे म्हणून मी शिक्का मारून मोकळा झालो होतो.” ते थांबले. मग जरा ओशाळून म्हणाले, “त्या पाळणाघरातल्या बाई अशा वेळी काय म्हणाल्या असत्या, मला माहीत नाही. यांचं माहीत झालं.”

मास्तरांनी उगाच टेबल पुसलं.

“ते सगळं ठीक आहे,” चिमणी म्हणाली. “पण पोरगं उपाशी आहे. आणि बाबा, मला अजून गर मिळालेला नाही. एखादं तरी सफरचंद शिल्लक आहे का?”

होती. ठिगळापुरती मागं ठेवलेली. मास्तर ती घेऊन गॅसपाशी उभे राहिले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा त्या घरात नवल घडलं. त्यांनी विचारलं.

“थोडं पाणी म्हणजे किती?”

“तळ ओला होईल एवढंच. बाकीचं पाणी ती स्वतःच सोडतात.”

“आणि आटली तर?”

“आटू द्यात की हो. आटतात म्हणूनच गोड होतात.”

“फोडी एकसारख्या लागतात?”

“नाही लागत बाबा. शेवटी घोटायच्याच आहेत.”

हे ऐकून मास्तरांना मनापासून वाईट वाटलं, पण त्यांनी एकसारख्याच केल्या. झाकण ठेवल्यावर आत हळूहळू सळसळ सुरू झाली. फोडींच्या कडा आधी काचेसारख्या झाल्या, मग त्या एकमेकींच्या अंगावर कलल्या, आणि मग डाव नुसता लावला तरी विरघळू लागल्या. बेकरीवाल्या बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. ढवळायचं नाही म्हणून त्यांना काय कष्ट पडत होते ते त्यांच्या बोटांकडे बघून कळत होतं. जावयांनी झाकण एकदा उचललं, एकदा ठेवलं, आणि यात जळण्यासारखं काही नाही ना, एवढी खात्री करून घेतली. पिल्लू या सगळ्या काळात गळा काढून उशिराची भरपाई मागत होतं.

शेवटी पातेल्यात जमलं ते जेमतेम वाटीभर. चिमणीनं चाखलं, क्षणभर तोंडात घोळवलं, आणि चमचा मास्तरांच्या हातात दिला. “तुम्हीच भरवा. उद्यापासून तुम्हालाच भरवायचंय. साडेआठला आणते.”

मास्तरांनी वाटी जवळ ओढली. पिल्लानं पहिला चमचा गिळला, दुसऱ्यासाठी आजोबांची मनगटं पकडली, तिसरा अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा मनापासून हसत मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडवला. मग मध घातलेला गर मोठ्यांनी पावाबरोबर संपवला, कारण मोठ्यांना त्याचं काही होत नव्हतं आणि बाईंना तो परत नेताना लाज वाटत होती. भिजलेल्या सफरचंदांचं पातेलं जावयांनी स्वतः घासलं.

पोट भरल्यावर पिल्लू जिथं होतं तिथंच पेंगलं. जिथं म्हणजे टेबलावर, एका गिऱ्हाइकाच्या निळ्या सुटाच्या कापडावर, खडूच्या खुणांच्या बरोबर मधोमध. लाळेची एक बारीक रेघ कोटाच्या पाठीवरून खिशाकडे निघाली. तो सूट गिऱ्हाइकाला सोमवारी संध्याकाळी द्यायचा कबूल होता.

“काढू का त्याला बाजूला?” चिमणीनं विचारलं.

“झोपू दे,” मास्तर स्टूल ओढून शेजारी बसत म्हणाले. “सूट बुधवारी होईल.”